वाफवाल्या

सिगारेट सुटल्यापासून पिल्सुनचं नाक फार तिखट झालं होतं. कोण ओढून आलंय हे तिला जवळ न जाता कळायचं, आणि कळल्यावर गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. "कोण गं ही, धुराड्यातनं उतरल्यासारखी?" असं ती कपडे बदलायच्या कंटेनरात मोठ्यांदा म्हणायची, म्हणजे ऐकू सगळ्यांना जावं आणि नाव कुणाचं घ्यायला नको. नाव घ्यायची गरजही नव्हती. रंगाच्या टोळीत सिगारेट ओढणारी बाई आता एकच उरली होती, दोकजा.

कोरियातल्या कोजे बेटावरच्या गोदीत दोघी एकाच कंत्राटदाराकडे जहाजं रंगवायच्या. फवारा मारणारे पुरुष सपाट भिंती रंगवून जायचे आणि जिथं फवारा पोचत नाही तिथं, सांध्यांत, कोपऱ्यांत, पाइपांमागच्या बेचक्यांत, या बायका ब्रश घेऊन शिरायच्या. पिल्सुनचा नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला आणि दुसऱ्याच बंदरात दुसरं घर थाटून बसला, तेव्हा लहान मुलगी पदरात घेऊन ती या कामाला लागली. पहिल्या दिवसांत थिनरच्या वासानं तिला ओकाऱ्या व्हायच्या. तेव्हा दोकजानंच तिला कंटेनराच्या मागे नेलं होतं. स्वतःची सिगारेट पेटवून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "दोन झुरके घे. नाक मेलं की काम होतं."

पुरुषांना ओढायला पत्र्याची वेगळी शेड होती. तिथं एखादी बाई गेली असती तर संध्याकाळपर्यंत गोदीभर तिच्याच गप्पा झाल्या असत्या. म्हणून या दोघी कितीतरी वर्षं कंटेनरामागे रंगाचे रिकामे डबे पालथे घालून त्यावर बसल्या. मुलीचं शिक्षण, दोकजाच्या नवऱ्याचा लकवा, त्याचं मरण, दोकजाच्या गुडघ्यांचं दुखणं, सगळं त्या डब्यांवर बोलून झालं. समोर अर्धा पाण्यानं भरलेला एक डबा असे. थोटूक त्यात टाकायचं आणि ते चुर्र झालेलं ऐकल्याशिवाय उठायचं नाही, हा दोकजाचा दंडक होता. गोदीत ठिणगीला सगळेच भितात.

मग पिल्सुनच्या मुलीला मुलगी झाली. नातीच्या शंभराव्या दिवसाच्या समारंभाला पिल्सुन मुलीकडे पुसान शहरात गेली, ती न्हाऊन-माखून, नवा ब्लाउज घालून, बसमध्ये बसायच्या आधी तीनदा दात घासून. तांदळाच्या वड्या मांडल्या होत्या, पाहुणे आले होते. पिल्सुननं नातीला उचलून छातीशी धरलं, तेवढ्यात तिची मुलगी हेइन पुढं आली आणि हसत, अगदी नम्रपणे म्हणाली, "आई, दे इकडं. तिला शिंका येतायत." शिंका कुठं येत होत्या? नंतर स्वयंपाकघराच्या दाराशी पिल्सुनला विहिणीचा आवाज ऐकू आला, "बिचारी घासून आलीय, पण वास कातडीतच गेलाय."

त्या दिवशी परतताना तिनं सिगारेटचं पाकीट बसस्टॉपवरच्या कचऱ्यात टाकलं. पुढचे दिवस फार वाईट गेले. झोप यायची नाही, मुकादमाशी भांडणं व्हायची. अशात मिराननं तिला व्हेप, बॅटरीवर चालणारी वाफेची नळी, आणून दिला. मिरान टोळीतली त्यातल्या त्यात तरुण, नवऱ्यापासून वेगळी झालेली, एका शाळकरी मुलाची आई. तिनं स्वतः वर्षभरापूर्वी सिगारेट सोडून व्हेप धरला होता. "ताई, हे घ्या," ती म्हणाली. "पीचचा वास आहे. ओढल्यासारखं वाटतं आणि घरचे नाक मुरडत नाहीत."

पिल्सुनला ते मानवलं. पुढच्या वेळी नात तासभर तिच्या मांडीवर झोपली आणि कुणी काढून घेतली नाही. परतीच्या बसमध्ये ती सगळा वेळ रडत होती.

इथपर्यंत सगळं चांगलंच झालं होतं. पण पिल्सुनला आपण वाचलो एवढं पुरेना. मिरान, टोळीतलीच बोकही आणि ती, अशा तिघी आता कंटेनराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहायच्या. व्हेपमध्ये भरायच्या एकमेकींच्या बाटल्यांतले द्राक्षाच्या, पुदिन्याच्या वासाचे थेंब वाटून घ्यायच्या आणि ओढणाऱ्यांची उणीदुणी काढायच्या. शेडमधले पुरुष त्यांना वाफवाल्या म्हणायचे. खरं तर गोदीच्या नियमात वाफ आणि धूर एकच होते, व्हेपवाल्यांनीही शेडमध्येच जायचं होतं. या नियमाचा पिल्सुनला सगळ्यात जास्त संताप. "आम्ही सोडलंय," ती यॉम मुकादमाला म्हणाली. "सोडलेल्यांना त्याच धुरात नेऊन उभं करता? दारू सोडलेल्याला गुत्त्यात जेवायला बसवता का?"

"नियम मी नाही केले, बाई," यॉम म्हणाला आणि सटकला.

दोकजाला आधी मजा वाटायची. "काय गं, भात शिजत घातलाय का?" असं ती वाफ बघून विचारायची. तिघी हसायच्या. पण पिल्सुनचं बोलणं दिवसेंदिवस धारदार होत गेलं. आधी "अक्का, सोड ना गं आता," असं होतं. मग "एवढ्या वयात अक्कल येत नाही का?" झालं. आणि एक दिवस जेवणाच्या हॉलमध्ये, भरल्या टेबलावर, ती म्हणून गेली, "तुझ्या शेजारी बसलं की माझ्या भाताला राख लागते."

 दोकजानं सूपचा वाटका ताटात ठेवला, ताट उचललं आणि दूर, सफाईवाल्या बायकांच्या टेबलावर जाऊन बसली. त्यानंतर ती तिथंच जेवू लागली. पिल्सुनच्या मनात आलं, जाऊन बोलावं. मग वाटलं, कशाला? चूक कोणाची आहे? सोडणं अवघड आहे हे मला सांगता? मी सोडलंय.

आग लागली ती त्यानंतर, थंडीच्या तोंडावर. जेवणाची सुटी संपत आली होती. समुद्रावरून कोरडा वारा सुटला होता. बोकहीला कणकण होती म्हणून ती जेवायला न जाता बायकांच्या कंटेनरातच, खालून तापवलेल्या फरशीवर जाकिटं पांघरून झोपली होती. हॉलमधून परतताना पिल्सुनला दोकजा कंटेनरामागे वळताना दिसली. "निघाली धुपारत करायला," ती शेजारणीला म्हणाली आणि हात धुवायला नळाकडे गेली. हात पुसून होतायत तोच आरडाओरडा झाला. कंटेनराच्या खिडकीतून काळा धूर निघत होता. बोकही खोकत, रांगत बाहेर आली. तिचा उजवा हात मनगटापासून लालभडक झाला होता आणि त्याला बाहीचं कापड चिकटलं होतं.

पुरुषांनी धावत येऊन आग विझवायची नळकांडी फोडली, पांढरी पूड मारली, आग विझली. लॉकरची एक रांग आणि टांगलेले सगळे कपडे जळाले. कंत्राटदारानं अग्निशमन दलाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर गोदीच्या मालकांना कळलं असतं, आणि पुढच्या जहाजाचं काम दुसऱ्याला गेलं असतं. बोकहीला त्यानं स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात पाठवलं आणि सगळ्या टोळीला मोकळ्या जागेत उभं केलं.

"कोणी केलं हे?" त्यानं विचारलं.

 पिल्सुनच्या डोळ्यांसमोर बोकहीचा हात होता.  ती म्हणाली, "विचारताय काय? मागे बसून सिगारेट ओढणारी कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"पाहिलंत तुम्ही?"

"मागे जाताना पाहिलं. आत्ता, आग लागायच्या आधी. रोज जाते. पेटती थोटकं तिथंच टाकते, कंटेनराला लागून."

दोकजा रांगेच्या शेवटी उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं पिल्सुनकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाली, "पेटती?"

"मग काय विझवून?" पिल्सुन म्हणाली. "बोकहीला विचार जाऊन."

कंत्राटदाराला एक नाव हवं होतं, ते मिळालं. त्यानं दोकजाच्या गळ्यातलं गोदीचं ओळखपत्र काढून घेतलं आणि तिला फाटकाबाहेर सोडून यायला यॉमला सांगितलं. त्या दिवशी वाफवाल्यांच्या कोपऱ्यात मिरान आणि पिल्सुन दोघीच होत्या. मिरान फारसं बोलत नव्हती. "बरं झालं गेली," पिल्सुन म्हणाली. "कितीदा सांगितलं होतं." मिराननं मान हलवली.

रविवारी दुपारी मिरान पिल्सुनच्या घरी आली. हातात संत्र्यांची पिशवी होती. पिल्सुननं बार्लीचा चहा ठेवला. मिरान बराच वेळ एकच संत्रं सोलत बसली, मग ते न खाता खाली ठेवलं.

"ताई, एक सांगायचंय. तुम्हालाच सांगतेय, आपल्यातलं म्हणून."

"बोल की."

"आग सिगारेटीनं नाही लागली. माझा व्हेप होता."

पिल्सुनला आधी नीट कळलंच नाही. मिरान भराभर सांगत सुटली. व्हेप रस्त्यावरच्या गाडीवरून घेतलेला, स्वस्तातला. चार्जिंगला लावला की गरम व्हायचा. त्या दिवशी लॉकरच्या वर चार्जिंगला लावला, त्यावर कोणाचं तरी जाकीट पडलं असावं. आग विझल्यावर जळक्या ढिगातून तो तिनंच पहिल्यांदा उचलला, खिशात घातला आणि घरी जाताना धक्क्यावरून समुद्रात फेकला.

"तू त्या दिवशी रांगेत उभी होतीस," पिल्सुन म्हणाली. "माझ्या शेजारी."

"मी बोलणार होते. तेवढ्यात तुम्हीच बोललात."

"मी बोलले म्हणून तू गप्प बसलीस?"

"तुम्ही मागे जाताना पाहिलं म्हणालात ना. मला वाटलं, असेलही. दोन्हीही असेल." मिराननं डोळे पुसले. "ताई, माझं काम गेलं तर पोराचं काय करू? आणि हे बाहेर आलं तर सगळ्यांचेच व्हेप बंद होतील. तुमचासुद्धा. फाटकावर झडत्या घेतील. आपण एवढं करून सोडलंय, परत सिगारेटीवर जायचं का?"

"आणि दोकजाचं काय?"

"ती काय, आज ना उद्या पकडली जाणारच होती. ओढणारी बाई ती. त्यांना कुठं कोणाची पर्वा असते? तुम्हीच म्हणता ना."

पिल्सुनच्या हातातला पेला सुटून चहा चटईवर सांडला. तिनं तो पुसला नाही. तिचेच शब्द होते ते. तोच सूर, ओठांची तीच वाकडी ठेवण. मिराननं हे सगळं कुठून उचललं हे तिला चांगलंच ठाऊक होतं, आणि त्यामुळे संताप कोणावर काढावा हेच तिला कळेना.

"ऊठ," ती म्हणाली.

"ताई..."

"ऊठ म्हणते ना. एक बाई घरी बसलीय. गुडघे गेलेत तिचे, दुसरं काम कोण देईल तिला? आणि तू मला संत्री देतेस. उद्या सकाळी हजेरीला तू सगळ्यांसमोर बोलायचंस. तू नाही बोललीस तर मी बोलेन."

"तुम्ही आपल्याच माणसाला बुडवणार?"

"आपलं माणूस," पिल्सुन म्हणाली. "तू काय ओढतेस आणि ती काय ओढते यावरनं माणूस आपलं ठरतं का गं?" हे बोलून तिला स्वतःचाच जास्त राग आला, कारण गेली दोन वर्षं तिनं नेमकं तसंच ठरवलं होतं. मिरान गेली तेव्हा संत्री दारातच राहिली. पिल्सुननं ती उचलली नाहीत, दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या कुत्र्यानं पिशवी फाडली.

सोमवारी सकाळी टोळी कवायत करून उभी राहिली. यॉमनं कामं वाटली. पिल्सुन मिरानकडे बघत राहिली. मिरान बुटांकडे बघत होती. यॉम म्हणाला, "चला, लागा," आणि बायका हलायला लागल्या.

"थांबा," पिल्सुन म्हणाली. "आग दोकजानं लावली नाही. चार्जिंगला लावलेला व्हेप पेटला."

"कोणाचा?" यॉमनं विचारलं.

पिल्सुन उत्तर देणार तेवढ्यात हाताला पट्टी बांधलेली बोकही पुढं आली. काम होत नसलं तरी हजेरी बुडू नये म्हणून तिला उभं राहायला लावलं होतं. "मला आधी फट् आवाज आला होता," ती म्हणाली. "डोक्यावर, लॉकरच्या बाजूनं. फटाक्यासारखा. मी सांगितलं होतं गाडीत. कोणी ऐकलं नाही."

मग सगळ्यांच्या माना मिरानकडे वळल्या. लॉकरवर रोज कोण चार्जिंग लावतं हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"हो, माझाच होता," मिरान ओरडली. "मग काय करू? जीव देऊ? कंटेनरात लावू नको असं कोणी म्हणालं मला? ताईंनी स्वतः पाहिलाय तो गरम झालेला. हात लावून पाहिलाय. म्हणाल्या, जरा चांगला घे. बस, एवढंच. आणि तोच दोकजा अक्काचा लायटर असता तर आकाश डोक्यावर घेतलं असतं त्यांनी."

 हे खरं होतं. व्हेप पिल्सुननं हातात घेतला होता, चटका बसला म्हणून हसत परत ठेवला होता.

कंत्राटदाराला ही भानगड पुन्हा उघडायला नको होती, पण साठ जणांनी ऐकलं होतं. मिरानचं ओळखपत्र गेलं. व्हेप गोदीत आणायलाच बंदी झाली, फाटकावर पिशव्या उलट्या करून बघायला लागले. दोकजाला यॉमनं फोन करून परत यायला सांगितलं. कोणी माफी मागितली नाही. वर यॉम म्हणाला, "ओढायचं असेल तर शेडमध्ये जायचं."

व्हेपवाल्या पुरुषांनी पिल्सुनशी बोलणं टाकलं. एका सकाळी तिनं कामाचे बूट घातले तर पाय आत चिकटले. कोणीतरी दोन्ही बुटांत द्राक्षाच्या वासाची बाटली ओतली होती. ती पाय घट्ट रोवून दिवसभर तशीच वावरली. बूट कोणी भरले हे तिनं विचारलं नाही, आणि मोजे काढताना जी शिवी तिच्या तोंडून निघाली ती ऐकून बोकही दचकली.

त्याच संध्याकाळी ती दोकजाकडे गेली. दोकजाचं घर बंदराच्या वरच्या चढावर होतं. अंगणात कोबीच्या गड्ड्यांचा ढीग पडला होता आणि दोकजा बसक्या स्टुलावर बसून, गुडघे लांब सोडून, पानांत मीठ भरत होती. हिवाळ्याची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायची वेळ झाली होती. एरवी दरवर्षी हे काम दोघी मिळून करायच्या.

पिल्सुननं बाह्या सारल्या आणि एक गड्डा ओढला.

"हात लावू नकोस," दोकजा म्हणाली.

पिल्सुननं गड्डा ठेवला. "अक्का, मी चुकले."

"कशात?"

"तुझं नाव घेतलं त्यात."

"नाव घेतलंस त्याचं काही नाही. मी मागे गेले होते, तू पाहिलंस, सांगितलंस. तेवढंच सांगितलं असतंस तर मी तुला काही म्हणाले नसते. पण पेटती थोटकं टाकते म्हणालीस. ते कुठं पाहिलंस तू?"

"कुठंच नाही."

"त्या डब्यातलं पाणी रोज सकाळी कोण बदलतं?"

"तू."

"आणि तू सगळ्या टोळीसमोर, त्या पोरीचा हात जळलेला असताना..." दोकजानं मिठाची मूठ परातीत आपटली. "मला काय केलंस तू? चार दिवस मी दुकानात गेले नाही. लोक म्हणत होते, हिनं माणूस जाळलं. माझा मुलगा फोनवर मला विचारतो, आई, खरंच टाकलं होतंस का? माझा मुलगा."

"रागात बोलले."

"कसला राग? मी तुझं काय घेतलं होतं?"

पिल्सुन उभीच होती.  मग एकदम चिडूनच बोलली, जणू भांडायलाच आली होती. "मला अजून ओढावीशी वाटते. रोज. कळलं? तू मागे जाऊन बसलीस की माझे पाय तिकडं वळतात. वाफेनं काही होत नाही, वाफ ती वाफच. तू मजेत बसून ओढतेस आणि मी दुसऱ्या टोकाला उभी राहून पीचची वाफ गिळते. म्हणून तुझा राग येतो. तू समोर दिसलीस की येतो."

"मग ती माझी चूक?"

"नाही."

"मग मला का जाळलंस?"

 दोकजा पुन्हा मीठ भरायला लागली. तिच्या बोटांच्या भेगांत मीठ जात होतं, तरी ती दाबून भरत होती.

"मजेत म्हणतेस," ती म्हणाली. "मी दोनदा सोडून पाहिली. तुझं बघूनच. तुला सांगितलं नाही, कारण नाही जमलं. दुसऱ्यांदा तर महिना काढला होता. तेव्हा तू मला धुराड्यातनं उतरलीस म्हणालीस. त्या महिन्यात. मी एकही ओढली नव्हती आणि तुला वास आला."

पिल्सुन पायरीवर बसली.

"सुटली तुझी, मला आनंदच झाला होता," दोकजा म्हणाली. "नातीला धरलंस त्याचा फोटो दाखवलास, तेव्हा घरी येऊन मी रडले. पण सुटली म्हणजे तू माझ्यापेक्षा मोठी झालीस का? थिनरनं उलट्या करत होतीस तेव्हा तुझं डोकं कोणी धरलं होतं?"

"तूच."

"जा आता. अंधार पडायच्या आत जा. मला काम आहे."

"अक्का, मी..."

"जा म्हणाले ना. मला सध्या तुझं तोंड बघवत नाही. उद्याही बघवेल असं नाही."

पिल्सुन उठली. फाटकाशी तिनं मागे पाहिलं. दोकजानं मान वर केली नाही.

दोकजा कामावर परतली ती एका अटीवर. पिल्सुनबरोबर जोडी लावायची नाही, असं तिनं यॉमला बजावलं. यॉमनं काही आठवडे ते पाळलं. दोकजा आता सुटीत उघडपणे पत्र्याच्या शेडमध्ये जायची. पुरुषांनी पहिल्या दिवशी माना वळवल्या, एक-दोघांनी शेरे मारले. "काय बघता?" ती म्हणाली. "मागे बसले तर आग लावते म्हणता, पुढं आले तर बघत बसता." नंतर तिला बसायला बाकडं मिळालं. पिल्सुन त्या शेडवरून जाताना मान खाली घालायची. व्हेप घरी, शेडमध्ये जायची लाज, म्हणून ती सुटीत नळाशी उभी राहून गार पाणी प्यायची, आणि घशात ओढ उठली की दात आवळायची. बोलायला कोणी नव्हतं. बोकही हात बरा झाल्यावर दुसऱ्या गोदीत गेली. मिरान शहरात कुठं हॉटेलात भांडी घासते असं ऐकू आलं, पिल्सुननं दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही.

जहाज पाण्यात उतरवायचा दिवस जवळ आला आणि माणसं कमी पडायला लागली. तळाच्या टाकीत एक जण आत शिरून रंगवतो आणि एकानं तोंडाशी बसून त्याच्यावर नजर ठेवायची असते, आतली हवा कधी बिघडेल सांगता येत नाही. त्या दिवशी आत शिरण्याइतकी बारीक पिल्सुनच होती, आणि बाहेर बसायला दोकजाशिवाय कोणी मोकळं नव्हतं.

"मी बसणार नाही," दोकजा म्हणाली.

"मग काम थांबलं म्हणून सांगतो वर," यॉम म्हणाला.

दोकजानं यॉमकडे बघितलं, मग पिल्सुनकडे, आणि टाकीच्या तोंडाशी पुठ्ठा टाकून बसली. पिल्सुननं मुखवटा चढवला, दिवा कपाळाला लावला आणि शिडीवरून आत उतरली. आत पोलादाच्या कप्प्यांमागे कप्पे होते. पहिल्या दोन कप्प्यांतून ती सरपटत पलीकडे गेली, तसा वरचा उजेड दिसेनासा झाला.

वरून पाना आपटल्याचा आवाज आला. "आहेस का?"

"आहे."

थोड्या वेळानं पुन्हा पाना. "पिल्सुन."

"आहे."

पिल्सुन वेल्डिंगच्या सांध्यांवर ब्रश फिरवत पुढं सरकत होती. एका कोपऱ्यात रंग ओघळला, तो पुसण्यात ती गुंतली आणि पुढची हाक तिला ऐकू आली नाही. मग टाकी घणानं ठोकल्यासारखी दणाणली आणि लगेच शिडीवर बूट वाजले. दोकजाचे दुखरे गुडघे एकेक पायरी उतरत होते.

"आहे, आहे," पिल्सुन ओरडली. "वर राहा. नजर ठेवणाऱ्यानं आत यायचं नसतं."

"मग तोंड शिवलंय का?" दोकजाचा आवाज टाकीभर घुमला. तो रागानं कापत होता. "मेली म्हणून धावत आले मी. हाक मारली की ओ द्यायची. एवढंही जमत नाही?"

"ऐकू नाही आलं, अक्का."

"ऐकायला काय झालं तुला? सगळ्यांचं ऐकू येतं, माझंच येत नाही."

बूट पुन्हा वर गेले, सावकाश. पिल्सुन अंधारात ब्रश हातात धरून थांबली.  वर दोकजा पुठ्ठ्यावर बसल्याचा, गुडघे चोळत कण्हल्याचा आवाज आला, आणि मग पान्याचा ठोका.

"आहेस?"

"आहे," पिल्सुन जोरात म्हणाली आणि पुढच्या सांध्याकडे सरकली.